नारळ देण्यापूर्वी

संपादकांचे पत्र आले. 'परदेशात शिकणारी आपली मुले' या विषयावर, मुख्याध्यापक या नात्याने, चार अनुभवाचे बोल लिहा, अशी आज्ञा होती. मी दोनदा नकार कळवला. तिसऱ्यांदा होकार दिला तो अनुभवाचे बोल सांगण्यासाठी नव्हे, एका चुकीची कबुली देण्यासाठी. कबुली देऊन झाली की मी भांडणार आहे. माझे भांडण परदेशाशी नाही, पोरांशी तर नाहीच. ते तुमच्यामाझ्यासारख्या, मुलांच्या भल्यासाठी रात्रंदिवस झटणाऱ्या सुजाण पालकांशी आणि शिक्षकांशी आहे. नरकचतुर्दशीला फराळाआधी कारीट फोडण्याची आपली रीत आहे. हा लेख म्हणजे ते कारीट समजावे.

मी ग्वाल्हेरचा. आमच्याकडे उंबऱ्याच्या आत मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी. तुमच्याकडे बाहेर कानडी असेल, कुठे तेलुगू, कुठे गुजराती. दोन भाषांच्या दारात उभे राहून जगण्याची सवय तुम्हाआम्हाला सारखीच. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली पडला, तो पुन्हा हललाच नाही. त्या तळाचेच शहर झाले आणि त्याचे नाव आजही 'लष्कर' आहे. या लष्कराच्या मध्यभागी महाराज बाडा, म्हणजे आपला वाडाच, आणि त्याला लागून गोरखी. गोरखी हा शिंद्यांचा जुना राजवाडा. १८७४ साली जयविलास महाल उभा राहिल्यावर दरबाराचा थाट तिकडे गेला. गोरखीत देवघर राहिले, आणि बाकीच्या इमारतींत कचेऱ्या आल्या, शाळा आली. त्या शाळेत मी शिकलो. पुढे इतिहास घेऊन एम. ए. झालो, मास्तरकी पत्करली, आणि आता गावातल्याच दुसऱ्या एका शाळेत मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसतो.

माझ्या पूर्वजांना कुणी विचारले असते की बाबांनो, कृष्णाकाठ सोडून या चंबळेच्या मुलखात का चाललात, तर त्यांनी सरळ सांगितले असते : पोटासाठी, शिंद्यांच्या चाकरीसाठी. त्यात त्यांना लाज वाटली नसती. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता कबुली.

आमच्या शाळेत काही वर्षे एक प्रथा होती. पडली होती असे म्हणणार नाही, मीच पाडली होती. बारावी होऊन परदेशी निघालेल्या विद्यार्थ्याचा १५ ऑगस्टला झेंडावंदनानंतर सत्कार करायचा. शाल, श्रीफळ, फाटकावर त्याच्या छायाचित्राचा फलक, माझे दहा मिनिटांचे भाषण. भाषणात 'गगनभरारी' हा शब्द असे. पालक पुढच्या रांगेत बसत आणि बाकीच्या पालकांच्या मनात त्या क्षणी काय चालले असेल हे त्यांच्या चेहऱ्यावर वाचता येत असे. पुढच्या वर्षी फलक आपल्या मुलाचा.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये मी असाच एका मुलाच्या हातात नारळ ठेवला. वडील कारकून, घर म्हणजे जुन्या वाड्यातल्या वाटणीच्या तीन खोल्या, घरात आई, आजी आणि धाकटी बहीण. मुलाच्या हातात कसब होते. शाळेची पेटी बेसूर झाली की तो ती उघडून बसायचा, स्वर घासूनपुसून पुन्हा बसवून द्यायचा. पाण्याचा पंप बिघडला तर शिपाई आधी त्यालाच वर्गातून बोलवायचा. असा हा मुलगा कॅनडात दोन वर्षांचा व्यवसाय-व्यवस्थापनाचा डिप्लोमा करायला निघाला होता. पेटी कुठे आणि व्यवस्थापन कुठे, असा प्रश्न माझ्या मनात यायला हवा होता. तो आला नाही. 'कॅनडा' हा शब्द ऐकल्यावर पुढचे ऐकायची मला गरजच वाटली नाही.

२०२४ च्या दसऱ्याला तो मला भेटला. दसऱ्याला गोरखीत देवघराच्या पूजेसाठी शिंदे घराण्यातली मंडळी येतात, त्यामुळे परिसरात वर्दळ असते. मी कडेला उभा होतो. हातावर आपट्याची पाने ठेवून कुणीतरी पाया पडले, पाहतो तर हाच. दोन वर्षांनी पहिल्यांदा घरी आला होता. मी तेच विचारले जे सगळे विचारतात.

"काय मग, सेटल का?"

तो हसला आणि म्हणाला, "सर, वेळ असेल तर बसू या का जरा?"

आम्ही शाळेच्या पायरीवर बसलो. त्याने जे सांगितले ते सांगताना आवाज चढवला नाही, हे मला जास्त लागले. कॉलेज म्हणजे एका व्यापारी इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या काही खोल्या. आठवड्यातून तीन दिवस वर्ग. वर्गात बहुतेक सगळी आपलीच मुले : पंजाबची, हरियाणाची, गुजरातची, आंध्रची. राहायला एका घराच्या तळघरात सात जण. रात्री गोदामात खोकी उचलायची. विद्यार्थ्याने वर्ग चालू असताना आठवड्याला वीस तासांहून जास्त बाहेर काम करू नये असा तिथला नियम होता. नोव्हेंबर २०२२ ते एप्रिल २०२४ या काळात तिथल्या सरकारने ती मर्यादा तात्पुरती उठवली होती. त्यामुळे तो चाळीस-चाळीस तास कामावर असे, आणि वर्गात झोपायला जात असे.

"दोन वर्षांत तिथल्या माणसाशी नीट असं बोललो ते आमच्या मुकादमाशी, सर. आणि तोही केरळचा निघाला."

मी म्हटले, "अरे, पण मग हा कोर्स घेतलास तरी का?"

"माहीत नाही, सर. एजंटने यादी दाखवली. यात नक्की सीट मिळेल म्हणाला. आणि त्या कागदात लिहिलंच होतं ना, की मला लहानपणापासून व्यवस्थापनाची ओढ आहे म्हणून. तुमच्याही पत्रात तेच होतं."

माझ्या पत्रात! दसऱ्याची सुट्टी होती तरी मी दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो, कपाट उघडून फाईल काढली. पत्र होते. कागद शाळेचा, शिक्का शाळेचा, सही माझी, मजकूर एजंटचा. त्यात लिहिले होते की या विद्यार्थ्याने आमच्या शाळेच्या वाणिज्य मंडळाचे नेतृत्व समर्थपणे केले. आमच्या शाळेत वाणिज्य मंडळ नाही. कधी नव्हते. पेटीबद्दल, पंपाबद्दल त्या पत्रात एक अक्षर नव्हते, आणि त्याच्याविषयी खरे असे मला तेवढेच ठाऊक होते. प्रवेशाच्या गर्दीच्या दिवशी पाच-सहा कागद पुढे आले, मी न वाचता सह्या केल्या. एका मुलाच्या आयुष्याची दोन वर्षे आणि त्याच्या बापाचे अठरा लाख रुपये ज्या कागदांच्या आधाराने गेले, त्यांतल्या एकावर माझी सही आहे. ही माझी कबुली.

आता भांडण.

वाचकहो, हा व्यवहार कसा चालतो ते आपण एकदा शांतपणे समजून घेतले पाहिजे. गावोगावी काचेच्या दाराची दुकाने निघाली आहेत. बाहेर पाच-सहा देशांचे झेंडे, आत गार हवा, आणि सल्ला फुकट. फुकट कसा? तर एजंटाला पैसे तुम्ही देत नाही, ते कॉलेज देते. बहुधा पहिल्या वर्षाच्या शुल्काचा काही हिस्सा. म्हणजे ज्याला तुम्ही तुमचा वकील समजता तो समोरच्या पक्षाचा अडत्या आहे. बाजार समितीत अडत्या कुणाचा हे आपल्या शेतकऱ्याला बरोबर कळते, मुलाच्या शिक्षणात मात्र कळेनासे होते. जे कॉलेज दलाली देते ते यादीत वर, जे देत नाही ते यादीतच नाही. मग यादीत मुलाची आवड कुठे बसणार?

पण एजंटाला शिव्या देऊन मोकळे होणे सोपे आहे. तो दुकान मांडून बसला आहे, माल विकणारच. मला खटकते ते पुढचे. प्रवेश देताना परदेशी विद्यापीठे साधारणपणे एक निवेदन मागतात. त्याला 'स्टेटमेंट ऑफ पर्पज' म्हणतात, आपण हेतुपत्र म्हणू. त्यात विद्यार्थ्याने सांगायचे असते की मी हा विषय का निवडला, इथेच का येतो आणि शिकून काय करणार. आजवर काय वाचले, काय केले, कुठे चुकलो, हेही. म्हणजे जो प्रश्न आम्ही घरात विचारला नाही, शाळेत विचारला नाही, तो सातासमुद्रापलीकडच्या परक्या माणसाने तरी विचारला होता : का रे बाबा, का येतोस? आणि आपण त्याचे उत्तर विकत आणले. हजार-दोन हजारांत हेतुपत्र लिहून मिळते. त्यातली ओढ विकतची, स्वप्न विकतचे, बालपणही विकतचे. आपल्या मुलाने परीक्षेत नक्कल केली तर आपण त्याच्या कानाखाली वाजवू. इथे तर त्याच्या आयुष्याच्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याकडून लिहून घेतले, आणि मुख्याध्यापकाने त्याला शिक्का मारला.

आणि बाप? बाप बँकेत बसला होता. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सहसा तारण लागत नाही, त्यापुढे घर किंवा जमीन द्यावी लागते. बाप सहकर्जदार होतो. शिक्षण चालू असेपर्यंत हप्ता नसतो म्हणून घरात सगळे निर्धास्त असतात, पण व्याज पहिल्या पैशापासून चढत असते. त्या मुलाला कर्जाचा आकडा पाठ होता. डिप्लोम्यात शिकलेल्या विषयांची नावे मी विचारली, तेव्हा चार सांगून तो थांबला.

या ठिकाणी मला एक जुनी सभा आठवते. २४ फेब्रुवारी १८८३. ठिकाण बंगालमधले श्रीरामपूर, तिथल्या कॉलेजचे सभागृह. बोलायला उभी राहिली होती अठरा वर्षेही पुरी न झालेली एक मराठी मुलगी. आपण तिला आनंदीबाई जोशी म्हणून ओळखतो. टपाल खात्यात नोकरी करणाऱ्या गोपाळरावांची पत्नी. अमेरिकेला वैद्यक शिकायला जाणार म्हटल्यावर गावात कुजबुज, रस्त्यात टोमणे, घरावर लोकांच्या नजरा. तेव्हा तिने लोक जे प्रश्न मागून विचारत होते ते सगळे समोर घेतले आणि भर सभेत, इंग्रजीत, एकेकाचे उत्तर दिले. अमेरिकेला का जाता? इथे शिकायची सोय नाही का? एकट्या का जाता? परत आल्यावर जातीने वाळीत टाकले तर काय कराल? अपयश आले तर काय? जे तुमच्या जातीच्या कुणा बाईने आजवर केले नाही ते तुम्हीच का करावे?

तिची उत्तरे विकतची नव्हती. चौदाव्या वर्षी झालेले मूल तिने दहा दिवसांत गमावले होते. बायकांना बाई डॉक्टर हवी हे तिला कुणी लिहून द्यावे लागले नाही. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये ती कलकत्त्याहून निघाली, जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरली. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात तीन वर्षे शिकली. थंडी, अन्नाचे हाल, खोकला, सगळे सोसले. प्रबंधाचा विषयही तिने आपल्याच घरचा निवडला : प्राचीन हिंदूंचे प्रसूतिशास्त्र. ११ मार्च १८८६ ला तिला पदवी मिळाली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जागा तिच्यासाठी ठरली होती. ती जागा तिला भूषवता आली नाही. क्षयाने खंगून परतली आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेली. श्रीरामपूरच्या सभेला चार वर्षे आणि दोन दिवस झाले होते.

तुम्ही म्हणाल, मग काय मिळाले? 'सेटल' कुठे झाली? बरोबर आहे. आजच्या हिशेबाने आनंदीबाईंची फाईल 'अयशस्वी' म्हणून बंद होईल. पण पदवी घेऊन परतली तेव्हा तिला कुणी विचारले असते की तू का गेली होतीस, तर ती 'माहीत नाही, सर' म्हणाली नसती. तिच्यानंतर रखमाबाई १८८९ मध्ये लंडनला गेल्या, डॉक्टर होऊन आल्या आणि सुरत व राजकोटला त्यांनी आयुष्यभर रुग्णसेवा केली. तिथे त्या पोहोचल्या कारण आधी कुणीतरी भर सभेत उत्तर देऊन गेले होते.

आणि आमच्या सभा? माझ्या १५ ऑगस्टच्या सभेत फक्त मी बोललो. मुलगा शाल सावरत उभा होता. त्याला कुणी माईक दिला नाही.

आता आक्षेपांकडे येतो, कारण ते मला ऐकू येत आहेत.

पहिला आक्षेप : 'सर, इथे काय ठेवलंय? नोकऱ्या नाहीत, आहेत त्यांना वशिला लागतो. पोरगं पोटासाठी जातं, तुम्हाला काय त्रास?' मला काही त्रास नाही. वर सांगितले तेच पुन्हा सांगतो, माझे पूर्वज पोटासाठीच आले. पण ते चाकरीला चाललो म्हणून सांगून आले, वेदाध्ययनाला चाललो म्हणून नव्हे. पोटासाठी जायचे तर हातातले कसब घेऊन उघड जावे, त्याचा रीतसर परवाना काढावा, त्यात कमीपणा नाही. ज्या मुलाला पेटीचे स्वर बसवता येत होते, पंप दुरुस्त करता येत होता, त्याला दोन वर्षे चांगल्या कारागिराच्या किंवा आयटीआयच्या हाताखाली घातले असते तर ते कसब इथेही चालले असते आणि तिथेही. आपण त्याचे कसब काढून घेतले आणि हातात खोटी ओढ दिली. पोट आणि विद्या ही दोन्ही मानाची कारणे आहेत. एकाला दुसऱ्याचे सोंग दिले की दोन्ही हातचे जाते.

दुसरा आक्षेप : 'एकदा तिकडे पाय ठेवला की पुढचं आपोआप होतं.' होत असे, कधीकाळी. आता तिकडची दारे कशी हलतात ते पाहा. कॅनडाने १ जानेवारी २०२४ पासून विद्यार्थ्याने राहण्याच्या खर्चासाठी दाखवायची रक्कम १०,००० डॉलरवरून २०,६३५ केली, आणि त्याच महिन्यात विद्यार्थी-परवान्यांच्या संख्येवर मर्यादा घातली. ब्रिटनने त्याच जानेवारीपासून बहुतेक परदेशी विद्यार्थ्यांना कुटुंब बरोबर नेण्यास मनाई केली. अमेरिकेत २०२३-२४ या वर्षी आपले ३,३१,६०२ विद्यार्थी होते, चीनलाही मागे टाकले म्हणून आपण टाळ्या वाजवल्या. पण शिकल्यानंतर नोकरीसाठी जो 'एच-वन-बी' परवाना लागतो त्याची नेहमीची वार्षिक मर्यादा सगळ्या जगासाठी मिळून ८५,०००, आणि अर्ज जास्त आले की सोडत. सप्टेंबर २०२५ मध्ये तर नव्या अर्जांवर १ लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले. मी त्या सरकारांना दोष देत नाही. घर त्यांचे, दार त्यांचे, कडी त्यांनी केव्हा लावायची ते ते ठरवणार. पण ज्याने फक्त दारासाठी अठरा लाख मोजले त्याच्याकडे दार लागल्यावर उरते काय?

ज्याने विद्येसाठी मोजले त्याच्याकडे काय उरते, याचे उदाहरण आपल्या इतिहासात आहे. १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकरांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवले. अट अशी की परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची. तिथे त्यांनी अर्थशास्त्र तर घेतलेच, शिवाय इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र यांचेही वर्ग केले. मिळेल तो ग्रंथ विकत घेतला. १९१७ मध्ये मायदेशी निघाले तेव्हा सामान आणि ग्रंथ ज्या बोटीने पाठवले ती बोट महायुद्धात बुडाली. बडोद्याला नोकरीवर रुजू झाले तर जातीमुळे राहायला जागा मिळेना, जिथे आसरा घेतला तिथूनही हाकलले गेले. बोट बुडाली, ग्रंथ गेले, नोकरी गेली, छप्पर गेले. पण कोलंबियात जे शिकले ते कुणाला काढून घेता आले नाही, आणि त्यातून पुढे काय उभे राहिले ते मी सांगण्याची गरज नाही.

तिसरा आक्षेप गोड असतो : 'सर, त्या थोर माणसांच्या गोष्टी. आमचं पोरगं साधं.' ठीक, साध्या घरातले उदाहरण देतो. मी ज्या गोरखीच्या शाळेत शिकलो तिथेच माझ्या कितीतरी आधी अटलबिहारी वाजपेयी शिकले. त्यांचे वडील कृष्णबिहारी तिथेच मास्तर होते, म्हणजे घर मास्तराचे, माझ्यासारखेच. पुढे व्हिक्टोरिया कॉलेजातून बी. ए. झाल्यावर जिवाजीराव महाराजांची दरमहा ७५ रुपयांची शिष्यवृत्ती घेऊन ते कानपूरला राज्यशास्त्र शिकायला गेले. तेव्हा ग्वाल्हेर संस्थान आणि कानपूर इंग्रजी मुलूख, म्हणजे तेही एका परीने परमुलखातच गेले. त्यांच्या राजकारणाबद्दल तुमचे मत काही असो, मला त्यांच्या वडिलांचे कौतुक आहे. नोकरीतून निवृत्त झालेला हा मास्तर मुलाबरोबर कानपूरला गेला, कायद्याच्या वर्गात मुलाबरोबर बसला, वसतिगृहातही त्याच्याबरोबर राहिला. आपला मुलगा काय शिकतो हे त्या बापाला कुणाकडून ऐकावे लागले नाही. आजचा बाप मुलाबरोबर बँकेत बसतो, तिथून मागे फिरतो.

मुलांनी जाऊच नये, असे कुणी या लेखातून काढले तर तो माझ्यावर अन्याय होईल. आमच्या शाळेचीच एक मुलगी २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये जर्मनीला गेली. तिने इथेच बी. एस्सी. केले. ग्वाल्हेरला पाणी तिघऱ्याच्या धरणातून येते. पाऊस लांबला की ते किती खाली गेले याचीच गावात चर्चा. या मुलीला लहानपणापासून एकच खूळ : जमिनीतले पाणी जाते कुठे? एजंट म्हणाला, जर्मनीत काही अर्थ नाही, भाषा शिकावी लागते. तिथल्या सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणीचे शुल्क नसते, मग दलाली कशी असणार, हे त्याने सांगितले नाही. ती दीड वर्ष जर्मन शिकली. वर्षभराच्या खर्चासाठी बंद खात्यात ११,९०४ युरो ठेवावे लागतात. त्यासाठी घरच्यांनी तिचे लग्नाचे दागिने मोडले आणि कर्ज काढले नाही. हेतुपत्र लिहिताना ती माझ्याकडे तीनदा आली. पहिला खर्डा इंग्रजीत होता, गुळगुळीत, कुणाचाही चालला असता. मी म्हटले, हे फाड आणि आधी मराठीत लिही, आजीला सांगतेस तसे. दुसऱ्या खर्ड्यात विहीर आली, तिघरा आला, उन्हाळ्यातली टँकरची रांग आली. तिसऱ्यांदा तिने त्याचेच इंग्रजी केले. त्या पत्राला काही उत्तर लिहावेसे त्या विद्यापीठाला वाटले.

तुम्हाआम्हा दोन भाषांच्या लोकांना यात एक धडा आहे. पोराला परदेशी धाडायचे म्हणून आपण पाचव्या वर्षी त्याच्या तोंडची मराठी काढून घेतो. इंग्रजी यावीच, उत्तम यावी, आनंदीबाई श्रीरामपूरला इंग्रजीतच बोलल्या. पण परक्या भाषेत दुसऱ्याचे वाक्य उचलणे फार सोपे असते, ते खोटे असल्याचे आपल्यालाही जाणवत नाही. आईच्या भाषेत 'मला लहानपणापासून व्यवस्थापनाची ओढ आहे' असे लिहून पाहा. लिहितानाच हसू येते.

म्हणून माझे मागणे फार साधे आहे. जाण्याचा सत्कार बंद करा. सत्कार जाण्याचा नसतो. आपल्या भाषेत 'हातात नारळ देणे' याचा दुसरा अर्थही आहे, तो आपण विसरलो. नारळ द्यायचाच तर त्याआधी मुलाला उभे करा, घरात नाही तर शाळेत, शाळेत नाही तर तुमच्या गल्लीतल्या गणपतीपुढे, आणि त्याला मराठीत दहा मिनिटे बोलू द्या. काय शिकणार? तेच का? तेथेच का, आणि ते शिकवणारे कोण? पैसे कुणाचे, आणि कधी फिटणार? जमले नाही तर काय करणार? या पाच प्रश्नांना त्याच्याजवळ स्वतःची उत्तरे असतील तर बापाने दागिने मोडावेत, मी स्वतः स्टेशनवर पोहोचवायला येईन. उत्तरे नसतील तर एक वर्ष थांबावे. एक वर्ष उशीर झाला म्हणून कुणाचे लग्न मोडत नाही.

आमच्या शाळेत गेल्या वर्षापासून मी हे सुरू केले आहे. शिफारसपत्र मी स्वतः लिहितो, खरे लिहितो, आणि मुलाला वाचून दाखवतो. पहिल्या वर्षी दोन पालक रागावले, एकाने मला शत्रू म्हटले. एक मुलगा बोलायला उभा राहिला, तिसऱ्या मिनिटाला थांबला आणि म्हणाला, मला अजून ठरवायचंय. सभेत शांतता झाली. त्याची आई रडली. मी मात्र त्याच्या पाठीवर थाप मारली, कारण त्या व्यासपीठावरून इतक्या वर्षांत मी ऐकलेले ते पहिले खरे भाषण होते.

आणि तो पेटीवाला? त्या दसऱ्यानंतर दहा दिवसांनी तो परत गेला. जावेच लागले, हप्ते सुरू होते. जाण्याआधी शाळेत येऊन त्याने पेटीचे दोन स्वर बसवून दिले. मी त्याला सही केलेल्या पत्राबद्दल क्षमा मागितली. तो म्हणाला, "जाऊ द्या, सर." मी जाऊ देणार नाही.

तुमचा जिल्हा सीमेवरचा. दसऱ्याला सीमोल्लंघन करणे म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको. सीमा ओलांडणारा घरी आला की सोने वाटतो. पण निघताना तो कोणत्या कामाला निघाला आहे हे त्याला ठाऊक असते. यंदा तुमच्या घरातले लेकरू सीमेबाहेर निघाले असेल तर फराळाच्या ताटावर त्याला जवळ बसवा आणि आपल्या भाषेत एवढे विचारा : का जातोस रे? मग गप्प बसा, आणि त्याचे त्यालाच बोलू द्या.